जोड

केरबा वस्तादांनी तालमीची माती सोडली
तेव्हा गुडघ्याची वाटी सरकली होती
आणि मोडलेल्या कानांना जरा कमी ऐकू यायचं.
जोड लावायची सवय मात्र सुटेना.
म्हणून ते बियाण्याच्या जोडी लावू लागले.

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं रान, उताराचं.
वैशाखातल्या दुपारी सोप्यात चार सुपं मांडून बसायचे.
एकात मुटकी नाचणी : बुटका बांधा, कणसाची मूठ आवळलेली.
एकात पसरी, पाची बोटं उघडी टाकणारी.
एकात गरवी काळी, दिवाळी बघितल्याशिवाय न पिकणारी.
चौथं सूप रिकामं.
ते कशाला, हे मी शाळेत जात होते तेव्हापासून विचारतेय.

"मैदानात तोलामोलाची जोड लावायची,
म्हंजे एक जण पडंल.
रानात बेतोलाची लावायची,
म्हंजे कोणच पडायचं न्हाई."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायचे,
समोरचे दोन दात नसलेलं हसू.

मुटकीला वाऱ्याचं भय नाही,
पण हस्ताचा पाऊस रेंगाळला की तिच्या मुठीत पाणी अडतं,
दाणे आतल्या आत बुरसतात.
पसरी तेव्हा हात झटकून कोरडी होते.
पण तिचा उघडा हात पाखरांना लांबून दिसतो.
करपा शेजारच्या पानावर पाय टाकायला जातो,
मध्येच परक्या बियाचं ताट आडवं येतं,
पाय घसरतो.
वस्ताद म्हणायचे, "ढाक चुकली त्येची."

समोरच्या टेकाडावर हिंदुराव चौगल्यांची नाचणी,
एकच वाण, एकच उंची,
झेंडावंदनाला उभी राहिलेली शाळा.
आमचं रान म्हणजे बाजारच्या दिवशीचा एस. टी. स्टँड.
चौगले एका सकाळी कापून मोकळे.
आम्ही विळे घेऊन तीनदा जायचं :
दसऱ्याच्या आधी, दसऱ्यानंतर,
आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावर.
आई म्हणायची,
"तुमच्या जोडीपायी माझी कंबर चितपट."

आणि खरं सांगायचं तर
काही वर्षी चौगल्यांचीच रास मोठी असायची.
त्या दिवशी वस्ताद कुणाशी बोलत नसत.

यंदा त्यांच्या हाताला कंप आला.
एका सुपातलं दुसऱ्यात उडायला लागलं.
"यंदा मी लावतो जोड," मी म्हणाले.
(आमच्याकडं पोरीही 'लावतो'च म्हणतात.)
आणि चौथ्या सुपात वरी ओतली,
चंदगडच्या मावशीकडची,
बारीक, बोटांतून पळणारी.
ते बघत राहिले.
नको म्हणाले नाहीत, बरं म्हणाले नाहीत.

सहा ओळी नाचणीच्या, सातवी वरीची.
ती सगळ्यांच्या आधी पिकली
आणि नेमके आम्ही दोन दिवस सीपीआरमध्ये,
त्यांच्या गुडघ्याचा फोटो काढायला.
आलो तर अर्धी मातीत सांडलेली,
उरलेलीवर चिमण्यांची पंगत उठून गेलेली.

काठी टेकत ते बांधावर गेले.
वरीचं मोकळं ताट चिमटीत धरलं, सोडलं.
मग पसरीत शिरले, कणीस कणीस उलटून बघत.
मी चुकीची कबुली मनात जुळवत होते.
"टोच न्हाई गं फारशी," ते म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
"पाखरं तिकडंच जेवली काय की."
मी गप्प. मला हे सुचलं नव्हतं,
आणि सुचलं होतं असं सांगायला तोंड उघडेना.

मूठभर वरी उरली, ती बी म्हणून मी सुपात ठेवली.
आईनं एकादशीला शिजवून टाकली.
आम्ही तिघांनी दाण्याच्या आमटीबरोबर खाल्ली,
वस्तादांनी दोनदा मागून.

चंदगडला मावशीला फोन करायचाय.